सलामीचा हात

आपा हो म्हणेपर्यंत एकही ट्रक हलणार नाही, असं अमजदनं सकाळच्या चहाला जाहीर केलं आणि थोरल्या बहिणीनं काही विचारायच्या आत तोंड पुसत तो शेडबाहेर सटकला. फरजानाला यात नवल वाटलं नाही. रिंगमास्टरचा लाल कोट अंगात असला की हा माणूस हजार लोकांना एका आवाजात गप्प करायचा. पण घरात काही अवघड ठरवायचं आलं की वयाच्या चौपन्नाव्या वर्षीही त्याला नेमकी तेव्हाच टायरमधली हवा बघायची आठवण व्हायची.

मंगळवार होता. शुक्रवारी बारामतीला हंगामातला पहिला खेळ. पावसाळाभर इंदापूरच्या या शेडमध्ये गुंडाळून पडलेला संगम सर्कसचा तंबू अंगणभर उन्हाला पसरला होता. ठरवायचं होतं ते एवढंच, की बारामतीच्या रिंगणात थोरल्या अब्बांच्या, म्हणजे तिच्या आणि अमजदच्या वडिलांच्या, वेळेपासून चालत आलेला खेळ न्यायचा की अमजदच्या मुलीचा, समिनाचा, नवा. एवढंच म्हणायचं, पण त्यासाठी पंधरा दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नव्हतं.

थोरल्या अब्बांनी जाताना वाटणी स्वच्छ करून ठेवली होती. तंबू अमजदला आणि झुला फरजानाला. झुल्यावर कोण चढेल आणि काय करेल हे तिनं सांगायचं. खांदा मोडून खाली उतरल्याला तिला नऊ वर्षं झाली, तरी तो हक्क कुणी तिच्याकडून मागून घेतला नव्हता. आता मागून घेतला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटत होतं.

ती वाघाच्या पिंजऱ्यात बसून खेळाच्या पोशाखाला चमचमत्या टिकल्या लावत होती. वाघ जाऊन जमाना झाला. सरकारनं जनावरं नेली तेव्हा थोरले अब्बा दोन दिवस जेवले नव्हते. तेव्हापासून पिंजऱ्यात पोशाखांच्या पेट्या होत्या आणि दाराशी ऊन चांगलं यायचं, म्हणून फरजानानं ती जागा आपली करून टाकली होती.

नईम पिंजऱ्याच्या गजाला टेकून उभा राहिला. अमजदचा हा थोरला मुलगा. परवानग्या, जनरेटर, पोस्टर, मैदान, सगळी धावपळ त्याच्या गळ्यात.

"फुफी, एक ऐक. तू सरळ न्हाय म्हण."

"का रं?"

"का म्हंजे? तुझा खेळ व्हता तो. चाळीस वर्षं. बँड, चमचमते कपडे, जोकर, मोटारसायकलची विहीर. आन आता ही म्हणती, ह्यातलं कायच नको. अब्बांचा लाल कोट सुदिक नको! रिंगमास्टरनं म्हणं खाली बसून जाळं विणायचं." नईमनं कपाळाला हात लावला. "लोक काय जाळं विणताना बघायला येत्यात?"

फरजानाला बरं वाटलं. आपल्या बाजूनं कुणीतरी बोललं की माणसाला बरं वाटतंच, आणि तिला तर या घरात बऱ्याच दिवसांनी कुणीतरी खेळाडू म्हणून विचारत होतं. तिनं दोरा दातानं तोडला.

"तुला जुना खेळ एवढा आवडत व्हता, हे म्हाईत न्हवतं मला."

"आवडतो की," नईम म्हणाला आणि गजावरचा गंज नखानं खरवडू लागला.

तेवढ्यात समिना आली. सव्वीस वर्षांची, उन्हानं रापलेली, केस कापलेले, अंगात मळखाऊ रंगाचा सदरा आणि चोळणा. तीन वर्षं बंगळूरला नव्या धाटणीच्या सर्कशीच्या मंडळीत राहून दिवाळीआधी परत आली होती. येताना एकच पेटी आणि डोक्यात हा खेळ घेऊन आली.

"लावलीस का काडी?" तिनं भावाला विचारलं.

"लावायची काय त्यात? पेटलेलंच हाय सगळं."

"फुफी, मी तुला परत सांगते," समिना पिंजऱ्याच्या दाराशी मांडी घालून बसली. "आपल्या खेळात वीस आयटम. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. सायकल झाली की जोकर, जोकर झाला की झुला. माझ्यात एकच गोष्ट आहे. एक बाप, एक मुलगी, दोन झुले. एक झुला घर आणि दुसरा लांबचा. मुलीला जायचंय आणि बाप खाली बसून जाळं विणतोय, ती पडली तर म्हणून. बोलणं नाही, घोषणा नाही. नागेशकाकांची एकटी क्लॅरोनेट. बस."

"आन सलामी?" फरजानानं विचारलं.

समिनानं मान खाली घातली. हे विचारलं जाणार हे तिला ठाऊक होतं.

"सलामी नाही. प्रत्येक उडीनंतर फळीवर थांबायचं, हात वर करायचा, म्हणजे बघा, मी केलं, आता वाजवा टाळ्या. गोष्ट मधेच तुटते गं. आणि टाळ्या अशा मागून घ्यायच्या का?"

फरजानाच्या हातातली सुई थांबली. चाळीस वर्षांत तिनं किती वेळा हात वर केला असेल याचा हिशोब नव्हता. मागून घ्यायच्या का! तोंडात मारल्यासारखं झालं तिला. खरं काय ते सांगायला तिचं तोंड उघडलंही, पण त्या खऱ्याच्या मागोमाग आणखी एक खरं बाहेर आलं असतं, म्हणून तिनं ते पुन्हा मिटलं. नऊ वर्षं असंच चाललं होतं.

"दुपारी करून दाखव," ती म्हणाली. "पुरत्या उंचीवर, पट्टा बांधून. मग सांगते."

"पट्टा? मी खाली पट्ट्याशिवायच सराव—"

"पट्टा बांधून. आन दोरावर म्हस्कूदादा."

नईमनं झटकन वर पाहिलं. "म्हस्कूतात्या? पुन्हा दोरावर?"

"दुसऱ्या कुणाला येतो का दोर? तुला येतो?"

कुणालाच येत नव्हता.

---

दुपारी दोनला सगळी मंडळी शेडमध्ये जमली. लोखंडी तुळयांना दोन झुले टांगले होते, खाली जाळी ताणली होती. अमजद पांढरा सदरा घालून मधोमध जाळं विणायला बसला होता. लाल कोटाशिवाय त्याला उघडं पडल्यासारखं वाटत होतं, हे त्याच्या बसण्यावरून कुणालाही कळलं असतं. नागेशनं क्लॅरोनेट पुसून घेतली.

म्हस्कू खांबाच्या बुडाशी उभा राहिला. कऱ्हाटीचा हा गडी मिसरूड फुटायच्या आत थोरल्या अब्बांच्या तंबूत आला आणि म्हातारा झाला तरी गेला नाही. झुल्यावरच्या माणसाच्या कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर, दोर वरच्या कप्पीतून खाली म्हस्कूच्या हातात. एका झुल्यावरच्या झोक्यापुरता दोर मोकळाच, पण दुसऱ्यावर उडी घ्यायची तेव्हा तो आणखी ढील देणार आणि काही चुकलं तर आवळून धरणार. फरजानाच्या सगळ्या मोठ्या उड्या या दोरावर झाल्या होत्या. पण फलटणच्या मैदानावर ती पडली, आणि म्हस्कूनं ढील लवकर सोडली असं सगळे म्हणाले, आणि त्यानं ते ऐकून घेतलं. तेव्हापासून तो खुंट्या ठोकायचा. पूर्वी अमजद खेळाच्या सुरुवातीला 'दोरावर, म्हस्कू कऱ्हाटीकर!' असं मोठ्यानं पुकारायचा. नऊ वर्षांत ते नाव रिंगणात उच्चारलं गेलं नव्हतं.

क्लॅरोनेट सुरू झाली. समिना दोराच्या शिडीनं चढली. नुसतं चढणं, पण फरजाना बघत राहिली. ही पोरगी चढत नव्हती, घर सोडायचं की नाही याचा विचार करत होती. दोन पायऱ्या वर, एक खाली. खाली बाप जाळं विणतोय, त्याला कळलंय, पण तो वर बघत नाही. मग पहिल्या झुल्यावर तिनं झोका घेतला. उलटी लटकली, सावरली, एका हातावर वळली. जुनी कसरतच होती, फरजानानंच शिकवलेली, पण आता तीत कुणाला काही दाखवायचं नव्हतं. फरजानाला राग आला की हे चांगलं आहे.

समिना फळीवर परतली. आता दुसरा झुला. तिनं दांडी धरली, पाय उचलले, आणि दोर ताठ झाला. कमरेला हिसका बसून ती जागच्या जागी अडकली.

"तात्या, ढील!"

म्हस्कूनं दोर सोडला नाही. तो वर बघत होता.

तिनं पुन्हा पाय उचलले. पुन्हा हिसका. तिसऱ्यांदा तर ती फळीवरून घसरलीच आणि पट्ट्याला गुळाच्या ढेपेसारखी लोंबकळत राहिली. क्लॅरोनेट थांबली.

"तात्या, काय चाललंय तुमचं? सोडा की!"

"हात न्हाय दिसला," म्हस्कू म्हणाला.

"कसला हात?"

"सलामीचा."

"अहो, या खेळात सलामी नाही! मघाशी किती वेळा सांगितलं!"

"मंग ढील न्हाय," म्हस्कू शांतपणे म्हणाला आणि तिला हळूहळू खाली घेतलं.

तिचे पाय जाळीला टेकतात न टेकतात तोच नईम पुढं झाला. "झालं समाधान? मी सकाळपास्नं सांगतोय. एकदा ह्यांच्या हातानं फुफी पडली, खांदा गेला तिचा. आज सुटायच्या जागी अडकवलं, उद्या अडकवायच्या जागी सोडतील. समिनाचा जीव घ्यायचाय का?"

"नईम, बस कर," अमजद पुटपुटला.

"का बस? जुना खेळ ओढायची ताकद ऱ्हायली न्हाय, नव्याचं हे आसं. अब्बा, दोन वर्षं मी रिकाम्या खुर्च्या मांडतोय आन रिकाम्याच उचलतोय. माझी पोरं विचारत्यात, बाबा आपली शाळा कुठल्या गावात? आता पुरं. रविवारी बारामतीचे मंडपवाले कापड बघायला येणार हायेत. तंबू पसरलेलाच हाय, ऱ्हाऊ द्या तसा. लग्नाला मंडप, सभेला मंडप. निदान एका गावात ऱ्हाऊ."

अमजदच्या हातातली जाळं विणायची सुई खाली पडली.

फरजानाला सकाळचा गजावरचा गंज आठवला. म्हणजे पोरानं 'न्हाय म्हण' सांगितलं ते जुन्या खेळासाठी नव्हतं. तिच्या एका नाहीनं दोन्ही खेळ बंद पडणार होते आणि तंबूचं कापड लग्नाला जाणार होतं. संताप आला तिला, पण पुरता नाही आला. पोरगा थकला होता, आणि त्याचं थकणं खरं होतं.

"मला न इचारता बोलावलंस?" अमजदनं विचारलं.

"तुमाला इचारलं असतं तर तुमी ट्रकची हवा बघाय गेला असता."

हे खरं होतं आणि अमजदला ते लागलं. तो उठला आणि कुणावर तरी काहीतरी काढायचं म्हणून म्हस्कूसमोर जाऊन उभा राहिला.

"म्हस्कू, दोर दे हिकडं. तुझ्यानं आता व्हत न्हाय. मीच चुकलो, पुन्हा तुझ्या हातात दिला."

म्हस्कूनं दोराला नीट गाठ मारली, टोक अमजदच्या हातावर ठेवलं आणि हात धोतराला पुसले. फरजानाकडं त्यानं बघितलंही नाही. नऊ वर्षांत एकदाही असं बघितलं नव्हतं, की 'आपा, आता तरी बोला.'

ते न बघणंच तिला सोसलं नाही.

"अमजद, दोर त्याला परत दे."

"आपा, तुझ्यासाठीच—"

"परत दे म्हणते ना!"

झुल्यावरून ओरडायची सवय असलेला तो आवाज शेडच्या पत्र्याला जाऊन लागला. अमजदनं दोर परत दिला.

फरजाना जाळीच्या कडेला येऊन उभी राहिली. तिनं जाळी घट्ट धरली.

"समिना, तू सकाळी इचारलंस, टाळ्या मागून घ्यायच्या का. सलामी लोकांसाठी कधीच न्हवती. लोकांना वाटायचं त्यांच्यासाठी, आन आमी वाटू द्यायचो. सलामी दोरवाल्यासाठी. पाची बोटं उघडून हात वर केला, की त्याला कळायचं: श्वास बसलाय, हातात बळ हाय, मी तयार. मग तो ढील द्यायचा. हात वर न्हाय झाला तर ढील न्हाय. मग बँड किती का वाजंना. थोरल्या अब्बांचा नेम हाय ह्यो, झुलेवाली आन दोरवाला ह्या दोघांतला. तिसऱ्याला सांगायचा न्हाय, कारण लोकांना कळलं तर हात खाली बघून ते हुर्यो करतील आन झुलेवाली लाजंखातर वर करंल."

"मला कधीच का नाही सांगितलंस?" समिनानं विचारलं.

"कारण ते सांगितलं असतं तर फलटणचं सांगावं लागलं असतं."

ती थांबली. अजूनही गप्प बसता आलं असतं. सगळे तिच्याकडं बघत होते, फक्त म्हस्कू दोराकडं बघत होता.

"फलटणला तंबू भरला व्हता. उभं ऱ्हायला जागा न्हवती. दुसऱ्या उडीला माझ्या डाव्या हाताला मुंग्या आल्या. बोटं उघडंनात. मला कळत व्हतं, थांबायला पायजे. पण लोकं टाळ्या वाजवत व्हती, आन मी… मी हात वर केला. खोटी सलामी दिली. म्हस्कूदादांनी नेमाप्रमाणं ढील दिली. मी उडाले आन डाव्या हातानं दांडी धरलीच न्हाय, दोर आवळायच्या आत जाळीच्या कडेवर खांद्यानं आदळले. त्यांचा दोर बरोबर व्हता. माझा हात खोटा व्हता. तुमी सगळे त्यांना बोलत ऱ्हायला आन मी मूग गिळून पडून ऱ्हायले. आधी दवाखान्यात, मग घरात."

शेडबाहेर एक ट्रॅक्टर ऊस घेऊन गेला.

मग म्हस्कू बोलला, हळू आवाजात, दोर बोटांत फिरवत.

"बोटं मिटल्याली दिसली व्हती मला, आपा."

फरजानानं वर पाहिलं.

"हात वर व्हता, पर बोटं मिटल्याली. मला दिसलं व्हतं. वाटलं, हात तर वर हाय. आपा हायेत, त्यास्नी ठावं असंल. म्हणून सोडला. म्हंजी चूक माजीबी हायच की." त्यानं समिनाकडं पाहिलं. "तवापास्नं ठरवलं, पाची बोटं मोजल्याबिगर दोर सोडायचा न्हाय. कुणी शिव्या दिल्या तरी."

अमजद भिंतीकडं तोंड करून उभा होता. त्याचे खांदे हलत होते. मग तो वळला, म्हस्कूच्या पुढ्यात आला आणि काय करावं हे न सुचून त्यानं खाली पडलेलं दोराचं वेटोळं उचलून त्याच्या खांद्यावर नीट ठेवलं.

"नऊ वर्षं खुंट्या ठोकल्यास रं तू," तो म्हणाला. "का?"

"खुंट्यांबिगर तंबू उभा ऱ्हातो का, मालक?"

नईम सगळ्यात लांब उभा होता. तो पुढं आला, म्हस्कूच्या पायाला हात लावायला वाकला, आणि म्हस्कूनं त्याला दंडाला धरून उभा केला. "ऱ्हाऊ दे," एवढंच म्हणाला.

फरजानानं पदरानं तोंड पुसलं. आता रडत बसायला वेळ नव्हता. ट्रक उद्या भरायचे होते.

"माझं ठरलं. बारामतीला समिनाचा खेळ जाईल. टिकल्यांचे कपडे पेटीत. पण दोरावर म्हस्कूदादा आन हात वर झाल्याबिगर ढील न्हाय. ते तुझ्या गोष्टीत कसं बसवायचं ते तू बघ, समिना. बंगळूरला शिकलीस ना?"

समिना डोळे पुसता पुसता हसली. "मुलगी जाताना बापाला हात करते. त्यात काय? खाली खांबाशी बघून केला की झालं."

"आन एक घोषणा," अमजद म्हणाला. "एकच. गोष्ट सुरू व्हायच्या आधी."

"अब्बा, घोषणा नाही म्हटलंय—"

"एकच," अमजद म्हणाला, आणि या वेळी तो कुठं सटकला नाही. समिनानं त्याच्याकडं पाहिलं, मग म्हस्कूकडं पाहिलं आणि मान हलवली.

"आन मंडपवाले?" नईमनं विचारलं. त्याच्या आवाजात मघाचा ताठा नव्हता, पण तो मागंही हटला नव्हता.

"त्यांना फोन कर," फरजाना म्हणाली. "म्हणावं, रविवारी इंदापूरला येऊ नका, बारामतीला या. कापड उभंच बघा. तिकीट काढून. हा हंगाम पडला, तर नईम, मी स्वतः त्या कापडाच्या घड्या घालून देईन तुला. पोरांच्या शाळेचं तुझं खोटं न्हाय. पण एक हंगाम दे."

नईमनं खिशातून फोन काढला. "एक," तो म्हणाला.

---

शुक्रवारी चारच्या खेळाला तंबू भरला असं म्हणता येणार नाही, पण नईमनं मांडलेल्या खुर्च्यांपैकी मागच्या तीन रांगा सोडल्या तर एकही रिकामी दिसत नव्हती. माळेगावच्या कारखान्यातली पाळी सुटलेली माणसं घरच्यांना घेऊन आली होती. वाघ नाही कळल्यावर दोघातिघांनी कुरकुर केली. पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीनं जोकर कुठाय म्हणून नईमला दोनदा विचारलं.

अमजद पांढऱ्या सदऱ्यात रिंगणात आला. ध्वनिक्षेपक त्यानं हातातही घेतला नाही.

"दोरावर," तो गरजला, "म्हस्कू कऱ्हाटीकर!"

लोकांनी उगाचच टाळ्या वाजवल्या, वाजवायच्या असतात म्हणून. खांबाच्या बुडाशी म्हस्कूनं टोपी सारखी केली. पडद्याआड उभ्या फरजानाला तेवढ्यावर भरून आलं. अमजद खाली बसला आणि जाळं विणू लागला.

पहिल्या झोक्यापर्यंत चुळबुळ चालली होती. मग ती थांबली. दोन पायऱ्या वर, एक खाली. कुणाची तरी लेक नांदायला गेली असेल, कुणाचा मुलगा पुण्याला गेला असेल. लोक गप्प झाले. समिना उलटी लटकली, एका हातावर वळली, फळीवर आली. दुसऱ्या झुल्याची दांडी तिच्या हातात होती. आता वळायचं, खाली बघायचं, हात वर.

हात वर झाला नाही.

नागेशनं सूर धरून ठेवला. समिना दांडी धरून उभी होती आणि तिचा उजवा हात मांडीवर तसाच होता. फरजानानं ओळखलं. वळताना मनगट दुखावलं असणार. तिनं ते वळण बघितलं होतं, थोडं तिरकं गेलं होतं.

तंबूत एक मिनिट किती मोठं असतं ते झुल्यावर उभं राहिलेल्यालाच कळतं. मागून कुणीतरी शिट्टी मारली. म्हातारी शेजारणीला म्हणाली, "भ्याली वाटतं पोरगी." फरजानाला ओरडून सांगावंसं वाटलं, कर, कर वर! ती ओठ दातांत धरून उभी राहिली. तो आवाज आपला नाही, फलटणचा आहे, हे तिला कळत होतं.

म्हस्कू दोर आवळून वर बघत होता. अमजदनं जाळं विणायचं थांबवलं होतं आणि आता तोही वर बघत होता, बाप बघेल तसा. समिनानं कुणाकडंच पाहिलं नाही. दांडी कोपरात अडकवून ती सावकाश फळीवर खाली बसली. सगळ्या तंबूसमोर, पाय लोंबते सोडून, पारावर बसावं तशी बसली. डाव्या हातानं उजवं मनगट चोळलं. बोटं एकेक करून मिटली, उघडली. पुन्हा मिटली, उघडली. शिट्टी थांबली. क्लॅरोनेट नव्यानं पहिल्यापासून सुरू झाली.

मग ती उभी राहिली, खांबाच्या बुडाकडं वळली आणि हात वर केला. पाची बोटं उघडी.

ती दुसऱ्या झुल्यावर कशी गेली हे फरजानानं पाहिलं नाही. ती म्हस्कूच्या हातांकडं बघत होती. दोर त्यांतून सुटला, सरसर वर गेला, आणि योग्य जागी थांबला. तंबू उठून टाळ्या वाजवायला लागला, तेव्हाही ती तिकडंच बघत होती.

लोक पांगल्यावर ती रिंगणात गेली. म्हस्कू दोर गुंडाळत होता. तिनं चांगल्या हातानं दुसरं टोक उचललं आणि वेटोळी त्याच्याकडं देऊ लागली.

"आपा," तो मान वर न करता म्हणाला, "पोरीनं थांबवलं की वो मला. भरल्या तंबूत."

"व्हय," फरजाना म्हणाली. "मला न्हवतं जमलं."

दोघांनी दोर संपेपर्यंत गुंडाळला. सहाच्या खेळाची पहिली माणसं दाराशी आली होती आणि चारला रिकाम्या राहिलेल्या मागच्या तीन रांगा आधी भराव्यात म्हणून नईम त्यांना तिकडं नेत होता.